ती क्लिप कुणाची, हे त्याला आधी शोधू दे

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगा बीएएमएमसीच्या (मास मीडियाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. पोलिसांचे पाठलाग, अपघात, पुरातून सुटका अशा खऱ्या क्लिपांचे परदेशी कार्यक्रम तासन्‌तास बघतो आणि ‘मी यातच काम करणार’ म्हणतो. मागच्या महिन्यात एलबीएस रोडवर स्कूटरवाला पडला, तर याने आधी मोबाइल काढला. याला करिअर म्हणायचं का? – एक आई

उत्तर : ताई, करिअर आहे. पण अशा कार्यक्रमांचं बरंचसं चित्रण त्यांनी स्वतः केलेलं नसतंच. 1990 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ ही मालिका प्रेक्षकांनी पाठवलेल्या घरगुती टेपांवर उभी राहिली. 1998 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड्स वाइल्डेस्ट पोलिस व्हिडिओज’ने पोलिसांच्या गाड्यांतलं, हेलिकॉप्टरमधलं चित्रण वापरलं. पगार मिळतो तो क्लिप शोधणाऱ्याला, तिचे हक्क मिळवणाऱ्याला, एडिटरला आणि निवेदन लिहिणाऱ्याला.

हक्कांचं काम मुलांना रुक्ष वाटतं, म्हणून तिथे माणसं कमी पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली म्हणून क्लिप फुकट होत नाही. कुणी काढली, परवानगी कोण देणार, त्यात दिसणाऱ्या माणसाचं काय, हे सगळं विचारावं लागतं. गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाची ओळख दाखवायला तर कायद्यानेच मनाई आहे.

त्याला वांगणी स्टेशनची सीसीटीव्ही क्लिप पुन्हा बघायला सांगा. 17 एप्रिल 2021. रुळांवर पडलेलं मूल, समोरून गाडी, आणि धावत येऊन त्याला वाचवणारे रेल्वेचे पॉइंट्समन (सांधे बदलणारे कर्मचारी) मयूर शेळके. सगळा थरार काही सेकंदांचा. पण मुलाच्या आईला दिसत नव्हतं, आणि रेल्वेने दिलेल्या 50 हजारांच्या बक्षिसातले निम्मे पैसे शेळक्यांनी त्या मायलेकांना दिले, हे त्या सेकंदांत कुठेच नाही. हे शोधून काढणारा एडिटर मला हवा वाटतो. नुसती उडी तीनदा स्लो मोशनमध्ये दाखवणारा नको.

स्कूटरची गोष्ट वाचून मात्र मला वाईट वाटलं. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून मुलं जखमीला हात लावायला घाबरतात. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे त्याला आजच सांगा. आधी माणूस उचलायचा.

पदवी पुरी करू दे. तोवर दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर एडिटिंगचा हात बसवू दे. सुट्टीत अंधेरी-ओशिवऱ्याच्या एखाद्या एडिट स्टुडिओत, नॉन-फिक्शनच्या, म्हणजे खऱ्या घटनांवरच्या कार्यक्रमांच्या टीममध्ये इंटर्नशिप मिळते का बघा. रात्रपाळी असते आणि सुरुवातीला पैसे जेमतेम, हे धरून चला. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या टीव्ही विभागात व्हिडिओ एडिटिंगचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते.

त्याआधी एक काम. त्याने स्वतः काढलेल्या क्लिपांतली एक निवडायची, तिच्यातल्या माणसाला गाठायचं, परवानगी विचारायची, त्यानंतर काय झालं ते ऐकायचं आणि दीड मिनिटाचं मराठी निवेदन लिहायचं. माणूस ‘नाही’ म्हणाला तर क्लिप पुसायची आणि दुसरी घ्यायची. ते निवेदन मला पाठवा, मी नक्की वाचेन. सुरुवात त्या स्कूटरवाल्यापासून केली तर बरं.