दुकानासमोरचा लिंब रस्त्याकडं झुकलाय, कोणी दाद देत नाही, काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दुकानासमोर चाळीसेक वर्षांचा लिंब आहे, रस्ता रुंद करताना त्याच्या बुडाशी नाली खोदली, तेव्हापासून तो रस्त्याकडं झुकल्यासारखा वाटतोय, फांद्यांतून लाईटच्या तारा गेल्यात, पालिका म्हणते रस्ता आमचा नाही आणि गल्लीतले म्हणतात रात्रीतून तोडून टाका. आधी हे रात्रीतून तोडायचं डोक्यातून काढा. रस्त्याकडेचं झाड तुमचं नाही, विनापरवानगी तोडलं तर गुन्हा तुमच्यावर, आणि तारांजवळ कुऱ्हाड चालवून माणूस गेला तर ते कशानंच भरून निघत नाही.

आमच्या घरासमोर पण लिंबच होता. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पाइपलाईनसाठी जेसीबीनं खोडापासून हातभर अंतरावरनं चारी काढली, मनगटाएवढी मुळं तुटून बाहेर लोंबत होती, दोन दिवसांत मुरूम लोटला, वरून सिमेंट केलं आणि ते लोक गेले. झाड पुढं दोन पावसाळे हिरवंगार, म्हणून आम्ही पण निवांत. तिसऱ्या वर्षी मे संपता संपता आधी तासभर पाऊस झाला आणि मग असं वारं-वावधान सुटलं की झाड मुळासकट शेजारच्या काकांच्या पत्र्याच्या शेडवर आडवं झालं. काका थोड्या वेळापूर्वीच शेळ्या सोडून घरात आले होते म्हणून वाचले. सकाळी बघितलं तर चारीच्या बाजूला एकही धड मूळ नव्हतं, सगळी काळी पडून कुजलेली. मुळं तुटत होती तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर बसून बघत होतो, ह्याचं मला आजपण वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, झाडाचं वर बघू नका, बुडाकडं बघा. हिरवी पानं म्हणजे झाड भक्कम असं नसतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, त्यामुळं एका बाजूची चारी म्हणजे तंबूचे एका अंगाचे दोर कापल्यासारखं आहे. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तीच माती लोण्यासारखी मऊ होते, आणि जोराचं वारं पण नेमकं तेव्हाच सुटतं.

तुम्ही आजच बघा, झाड झुकलंय त्याच्या उलट्या बाजूला जमीन उचलली गेलीय का, नवीन भेग पडलीय का, वारा आला की बुडाजवळची माती हलते का. ह्यातलं एक जरी असेल तर वाट बघू नका. बुंध्यावर खापरीसारखी कडक बुरशी आली असेल तर आत लाकूड कुजतंय असं समजा. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड मात्र सहसा एवढं धोक्याचं नसतं, त्याचा शेंडा परत सरळ वर वळलेला दिसतो. नुसती ढोली आहे म्हणून पण घाबरू नका, झाड बाहेरच्या कड्यावर उभं असतं, सगळीकडनं त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं चांगलं लाकूड शाबूत असेल तर पोकळ खोड पण बरीच वर्षं टिकतं, ढोली एका बाजूनं उघडी पडली असेल तर मात्र हा हिशोब धरू नका.

आता कुणाकडं जायचं. आधी रस्ता कुणाचा ते काढा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडं, गावाकडचे छोटे रस्ते जिल्हा परिषदेकडं, आणि सोलापूर-धुळे ५२ नंबरसारखा राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन. पण शहराच्या हद्दीत रस्ता कुणाचाही असो, झाडाच्या परवानगीचा विषय १९७५ च्या नागरी भागातल्या वृक्ष संरक्षण कायद्यात येतो, म्हणजे पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं, आणि जीवाला किंवा मालमत्तेला धोका असलेल्या झाडासाठी त्यात वाट ठेवलेली आहे. तेव्हा रस्ता आमचा नाही एवढं तोंडी ऐकून परत येऊ नका, हेच लेखी द्या म्हणा. (हद्दीबाहेर खेड्यात १९६४ चा कायदा, त्यात चिंच, आंबा, जांभूळ, मोह अशी झाडं आहेत, तिथं तहसीलमध्ये विचारा.)

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, एक प्रत बांधकाम विभागाला. त्यात झाड तोडा असं लिहू नका, पाहणी करून धोका दूर करा असं लिहा. तोडा म्हटलं की फाइल परवानगीत अडकते, आणि बऱ्याचदा तोडायची गरज पण नसते, रस्त्याकडचा भार हलका केला, वाळलेल्या फांद्या काढल्या, बुडाभोवतीचं सिमेंट फोडलं तर झाड राहतं. २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणानं दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला लावली होती, ते पण अर्जात टाका. खोदलेल्या नालीचे, तुटक्या मुळांचे तारीख दिसेल असे फोटो जोडा, आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घ्या. हलले नाहीत तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, मग माहिती अधिकारात विचारा की अर्जावर काय केलं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोच हातात असली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी शेडच्या पंचनाम्याच्या वेळी बघितलंय.

तारांसाठी महावितरणला वेगळं कळवा, १९१२. लाईट बंद करून घेतल्याशिवाय कुणाला झाडावर चढू देऊ नका. पण ते लोक तारेकडच्याच फांद्या छाटून जातात आणि सगळा भार दुसऱ्या अंगाला राहतो, तुमच्याकडं तो रस्त्याकडं राहिला तर झाड अजून झुकेल, म्हणून छाटताना तिथं थांबा आणि तोल बघून छाटा असं सांगा. शेंडा सपाट कापू देऊ नका, तिथनं फुटणारे नवीन फोक वरवरच चिकटलेले असतात, पुढं तेच तुटून पडतात.

आणि तोवर झाडाखालची गाड्यांची रांग हलवा, वडापावचा गाडा लागत असेल तर त्याला दुसऱ्या बाजूला जागा करून द्या. आभाळ आलं की तिथं कुणाला उभं राहू देऊ नका, शाळेतनं येणारी पोरं तर नाहीच. माती उचललेली दिसली किंवा झाड करकरायला लागलं तर अर्जाचं नंतर, थेट ११२ लावा आणि दोन्हीकडनं रस्ता अडवा. बुडाचा फोटो इथं टाकला तर मी पण बघून सांगतो.