शिकलेलं कुत्रं अचानक पिंजऱ्यातच घाण करू लागलं, काय करावं?

पहिले त्याला रागावणं, मारणं बंद करा. कुत्रं आपल्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. शिकलेलं कुत्रं अचानक करू लागलं तर आधी दुखणं आहे असंच धरा: लघवीचा जंतुसंसर्ग, जंत, हगवण, किडनीचा त्रास, मधुमेह. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून त्याला ढोरांच्या दवाखान्यात न्या. लघवीत रक्त दिसलं किंवा जोर लावूनही थेंब येत नसेल, तर उद्यावर ढकलू नका.

तपासणीत काही निघालं नाही तर त्याची रोजची वेळ बघा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कुत्रं जास्त पाणी पितं आणि मग रात्रभर त्याला धरवत नाही. पण पाणी तोडू नका, कधीच नाही. जेवण संध्याकाळी लवकर द्या, निजायच्या आधी आणि पहाटे वावराकडे फिरवून आणा. बाहेर केलं की तिथंच शाबासकी. टिनाच्या छपराखाली दुपारी कोंडणं तर अगदी नकोच.

पिंजरा व्हिनेगर-पाण्याने धुवा, गोधडी धुऊन कडक उन्हात टाका. वास राहिला तर ते पुन्हा तिथंच करतं. फिनाइल मात्र वापरू नका, कुत्र्याला ते घातक आहे.