त्याला विचारलंस का?

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या तुझ्या खारघरच्या केंद्रातल्या त्या आईंनी विचारलं, "मुलाची बुद्धी वाढवणारं औषध आलं तर द्यावं का?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. तुझ्या वयात मी चटकन 'हो' म्हणून मोकळी झाले असते.

औषधाने बुद्धी वाचवता येते, आणि त्यात वावगं काहीच नाही. जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ते बहुधा चारचौघांसारखंच वाढतं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर हे कळतं. त्या तपासणीसाठी कुणाशी भांडावं लागलं तर भांड.

पण त्या आईंचा मुलगा 22 वर्षांचा आहे. या वयात बुद्धी वाढवून देईल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीसाठी रोश कंपनीने बास्मिसानिल नावाचं औषध माणसांवर तपासलं. फायदा दिसला नाही, 2016 मध्ये ते काम थांबलं. स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी, स्टेम सेल (मूळ पेशी) देऊ नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही 2022 मध्ये सांगितलं. आईंना हे स्पष्ट सांग. आशा विकणारे पुष्कळ आहेत.

आता माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगते. आमच्या कार्यशाळेत तो उदबत्त्या भरायचा. दहा-दहाच्या जुड्या, कधी चूक नाही. कळव्याहून एकटा लोकलने यायचा. वडिलांनी पीएफमधले पैसे काढून त्याला एका ठिकाणी उपचारांना नेलं. दर तीन महिन्यांनी बुद्ध्यांक मोजायचे. तिसऱ्या खेपेनंतर तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, मी परत नापास झालो का?"

तोवर आपण कशात नापास आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तो कुणासमोर जुड्या मोजेना. वडिलांना मी दोष देत नाही. आपल्यामागे याचं कसं होणार, या धास्तीने त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती.

समज, उद्या खरंच गुण येणारं औषध निघालं. लहानपणापासून लोक काय बोलत होते, ते त्याला एकदम उमगेल. त्या वेळी जवळ कोण बसणार? कार्यशाळेतले मित्र मागे राहतील, नवे लगेच मिळणार नाहीत. आणि आपले 2018 चे नियम बघ: रोजचे व्यवहार किती जमतात हे मोजणाऱ्या चाचणीत 55 ते 69 आले तर 50 टक्के अपंगत्व, 70 ते 84 आले तर 25. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. म्हणजे 66 वरून 74 वर गेलेल्या माणसाच्या हातून सवलती जातात, आणि नोकरीच्या बाजारात त्याला अजून कुणी उभं करत नाही. यात बुद्धीचा काय दोष? पुढची तयारी न करता माणसाला वर ढकलणारे आपणच.

म्हणून औषध देऊच नये, असं मी म्हणणार नाही. त्याला स्वतःला हवं असेल, नाही म्हणायची मुभा असेल, गुण टिकला नाही तरी त्याची जागा तशीच राहणार असेल, तर जरूर द्यावं. यातलं एकही नसेल, तर माझ्या मते नुकसानच जास्त.

त्या विद्यार्थ्याला मी खूप उशिरा विचारलं, "तुला काय यायला हवं?" त्याला डोंबिवलीच्या मावशीकडे एकट्याने जायचं होतं. फलाटावरच्या इंडिकेटरवरची अक्षरं ओळखायला चार महिने लागले. पहिल्या दिवशी तिथे पोचल्यावर त्याने मला फोन केला आणि वाटेतली सगळी स्टेशनं ओळीने म्हणून दाखवली.

सोमवारी त्या आई येतील तेव्हा मुलालाही बोलाव. त्याची खुर्ची तुझ्यासमोर ठेव, आणि पहिला प्रश्न त्याला विचार. उत्तराला वेळ लागेल. आई मध्येच बोलायला लागल्या, तर त्यांचा हात हलकेच धर.

तुझी,
बाई