नोटीस पीरियडमध्ये लिहायचं ते एवढंच: जे मशीनला विचारून कळत नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी: कारखान्यात तुम्ही एकटेच सिस्टिम अ‍ॅडमिन, राजीनामा दिलाय, नोटीस चालू आहे, तुमच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही आणि साहेब म्हणतात, "सगळं डॉक्युमेंट करून जा."

सगळं लिहायच्या भानगडीत पडू नका. सर्व्हरला रॅम किती, कुठल्या पोर्टवर काय चालतं हे नवा माणूस दोन कमांड मारून बघेल, आणि ते तुमच्या फाइलपेक्षा ताजं असेल. मशीन जे सांगत नाही ते लिहा.

सगळ्यात आधी, काय काय तुमच्या नावाला चिकटलंय ते शोधा. डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे? रिन्यूअलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? एसएमएससाठीच्या डीएलटी पोर्टलचं (कंपनीच्या एसएमएसची नोंदणी होते त्या साइटचं) लॉगिन कुणाचं? क्लाउडचं बिल कुणाच्या कार्डावर? आणि सगळ्यात छुपा प्रकार म्हणजे शेड्युल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. तुमच्या लॉगिनखाली बॅकअप चालत असेल, तर एचआरनं शेवटच्या दिवशी अकाउंट बंद केलं की त्याच रात्री बॅकअपही बंद, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ही कामं सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे माणसाच्या नव्हे तर कामाच्या नावाच्या लॉगिनवर, हलवा. मग जायच्या पंधरा दिवस आधीच तुमचं अ‍ॅडमिन लॉगिन बंद करायला लावा. शुक्रवारी संध्याकाळी नको, मंगळवारी सकाळी. जे काही कोलमडायचं ते तुम्ही खुर्चीत असताना कोलमडेल.

नंतर तारखा. वेबसाइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं असेल, तर मुदत कमी असली तरी ते बहुतेक ठिकाणी आपोआप रिन्यू होतं. खरी डोकेदुखी विकत घेतलेल्या, हातानं चार ठिकाणी टाकलेल्या सर्टिफिकेटची. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचं टीम्स काही तास बंद होतं, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. तिथं हे होतं तर कारखान्यात का नाही होणार? सर्टिफिकेट, डोमेन, एएमसी (वार्षिक देखभाल करार), डिजिटल सिग्नेचरचे टोकन, सगळ्यांच्या तारखा विभागाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये टाका. तुमच्या आउटलुकमध्ये नको.

पण खरी किंमत आहे ती 'का' लिहिण्याला. "अटेंडन्सचं सिंक रात्री २:३० ला" एवढं लिहून उपयोग नाही, ते सेटिंगमध्ये दिसतंच. असं लिहा: "सेकंड शिफ्ट साडेबाराला सुटते. सिंक बाराला आणलं तर त्यांचा आउट पंच राहून जातो आणि पगारात अर्धा दिवस कापला जातो." किंवा: "स्टोअरमधला विंडोज ७ चा पीसी फेकू नका, बारकोड प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या पुढच्या विंडोजवर चालत नाही." नवा माणूस हुशार असला तर पहिल्याच महिन्यात साफसफाई करायला घेतो, आणि ही वाक्यं नेमकी तेव्हा लागतात.

बॅकअपबद्दल 'रोज होतो' असं लिहू नका, रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, दाखवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस उडाला, तेव्हा कळलं की पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या चुकीच्या आवृत्तीमुळे डंप (डेटाबेसची बॅकअप प्रत) निघतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलही नाकारले जात होते. सहा तास आधी योगायोगानं घेतलेल्या एका कॉपीवर निभावलं. त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलंय, जरूर वाचा.

पासवर्ड एक्सेलमध्ये नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोतच. कंपनीचा पासवर्ड मॅनेजर, त्याला किमान दोघांचा अ‍ॅक्सेस, आणि रूटचा (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड बंद पाकिटात अकाउंट्सच्या तिजोरीत. "मी गेलो की कळेल यांना" हा विचार कितीही गोड वाटला तरी सोडा. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड टेरी चाइल्ड्सनं २००८ मध्ये वरिष्ठांना दिले नाहीत. अखेर तुरुंगातून थेट महापौरांना दिले, आणि २०१० मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली. आपण नेटवर्कची सुरक्षाच जपत होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

उत्तराधिकारी नाही म्हणून थांबू नका. अकाउंट्समधला किंवा मेंटेनन्समधला, हात चालणारा कुणीतरी पोरगा असतोच. तुमचं लिखाण त्याच्या हातात द्या, त्याला रिस्टोअर करू द्या, आणि तुम्ही कीबोर्डला हात न लावता शेजारी बसा. तो जिथं मान वर करून विचारेल, तिथं एक ओळ कमी आहे. हे लिखाण ज्या फाइल सर्व्हरबद्दल आहे त्याच्यावरच ठेवू नका, तो पडला तर वाचणार कुठून? एक प्रिंट काढून फाइलला लावा.

शेवटी काय काय दिलं त्याची यादी करून साहेबांना मेल करा, एचआरला सीसीमध्ये ठेवा आणि "मिळालं" असं उत्तर रिलीव्हिंग लेटरच्या आधी घ्या. नंतर फोन येणारच, तेव्हा किती दिवस फुकट मदत कराल आणि त्यानंतर तासाचे किती घ्याल, तेही त्याच मेलमध्ये टाका.