वाचकांचे प्रश्न : केबल संथ का?

प्रश्न : 1858च्या अटलांटिक महासागराखालच्या तारायंत्राच्या केबलवरून राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश जायला सुमारे 16 तास लागले, असं वाचलं. वीज इतकी संथ कशी? प्रदर्शनात हे मुलांना दाखवता येईल का?
– विज्ञान शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं (झाडाच्या चिकापासूनच्या रबरासारख्या पदार्थाचं) आवरण, बाहेर समुद्राचं पाणी; म्हणजे तीन हजार किलोमीटरहून लांब कपॅसिटरच, विजेचा भार साठवणारा. संदेशाची कळ दाबली की आधी तो भरतो, सोडली की हळूहळू रिता होतो. घाई केली तर एका खुणेचं शेपूट पुढच्या खुणेत घुसतं. लांबी दुप्पट केली की रोध (विजेला होणारा अडथळा) दुप्पट आणि धारिता (भार साठवण्याची क्षमता) ही दुप्पट, म्हणून उशीर चौपट. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन हे आधीपासून सांगत होते. केबल कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी मात्र सुमारे 2000 व्होल्टचा मारा केला. आवरण मुळातच कच्चं, त्यात हा उपचार; केबल महिन्याभरात मुकी झाली. ऑपरेटरांच्या नोंदींत ‘पुन्हा पाठवा’, ‘सावकाश पाठवा’ हीच विनवणी सारखी दिसते.

प्रयोग स्वस्तातला आहे. 1 किलोओहमचे पाच रोध एकापुढे एक जोडा. प्रत्येक रोधाच्या पुढच्या टोकाला 220 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टच्या कपॅसिटरचा धन पाय जोडा. सगळे ऋण पाय आणि 9 व्होल्ट बॅटरीचं ऋण टोक एका समाईक तारेवर आणा. पाय उलटे लागले तर कपॅसिटर फुगतो, क्वचित फुटतोही. शेवटच्या कपॅसिटरवर डिजिटल मल्टिमीटर लावा.

साधा ऑन-ऑफ स्विच घेऊ नका. तो बंद केला तरी भार आत अडकून राहतो, आकडा खाली येतच नाही आणि मुलं गोंधळतात. जिन्यातल्या दिव्याला लावतात तो टू-वे स्विच घ्या: मधला पाय साखळीला, एक बाजू बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी समाईक तारेला.

स्विच बॅटरीकडे केल्यावर मीटरवर निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट दिसायला साधारण अडीच सेकंद लागतील. आता दहा रोध, दहा कपॅसिटर लावा. वेळ नऊ सेकंदांच्या आसपास जाईल. चौपटीला थोडं कमी पडतं, कारण ही साखळी तुकड्यांची आहे, खरी केबल सलग. मग एखाद्या मुलाला स्विच इकडे-तिकडे करून मोर्स लिपीतली टिंबं भराभर पाठवायला सांगा. मीटरवर आकडा नुसता मधेच घुटमळत राहील.

प्रश्न : मुंबईला समुद्री केबल कधी आली?
– वाचक, नेरूळ

उत्तर : 1870 साली. मुंबई ते एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टाकला. एडनहून पुढे तांबड्या समुद्रातून सुएझ.