गॅलरीत पैसे मोजण्यापूर्वी

चित्रं, दागिने आणि शोभेच्या जुन्या वस्तूंबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक या अंकात घेतले आहेत. वस्तू हातात घेतल्याशिवाय ज्यांचं उत्तर देता येत नाही, ते बाजूला ठेवले आहेत.

एका गॅलरीत राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीचं जुनं छापील चित्र बघितलं. साडीवर जरी-टिकल्यांचं काम आहे. खाली 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं छापलंय. गॅलरीवाले 'ओरिजिनल' म्हणतात. कसं तपासावं? आणि अमेरिकेतल्या मुलीला ते पाठवता येईल का? (पुणे)

छापखान्याचं नाव खरं असलं तरी त्यावरून वर्ष ठरत नाही. रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. 1903 मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला आणि 1906 मध्ये रविवर्मा वारले. छापखाना मात्र त्यानंतर कित्येक दशकं चालू होता आणि तीच नावं, त्याच देवता छापत होता. म्हणून गॅलरीला 'ओरिजिनल आहे का' असं विचारू नका, 'कोणत्या दशकातली छपाई आहे आणि ते कशावरून' असं विचारा. उत्तर बिलावर लिहून मागा.

तपासणी फ्रेममधून बाहेर काढूनच करा. काच लावलेल्या चित्रावर मत देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याची कातडी किंवा आकाश असा फिकट भाग बघा. जुनी चित्रं दगडावर काढून छापत. अशा छपाईत ठिपके हाताने काढलेले असतात. ते लहानमोठे आणि वेडेवाकडे दिसतात, एका रंगावर दुसरा चढलेला असतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड असल्यामुळे कडेला एखादा रंग केसभर सरकलेलाही सापडतो. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने आणि एकसारखे येतात, चार रंगांची छोटी फुलं झाल्यासारखे. इंकजेटमध्ये रंगाचा बारीक फवारा दिसतो, त्याला कुठलीच रचना नसते. यातला पहिला प्रकार नसेल तर तिथेच थांबा.

मग अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. 1950 च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळक रसायनं सर्रास घालू लागले. असा कागद या प्रकाशात निळसर-पांढरा पेटल्यासारखा दिसतो. जुना कागद मंद, पिवळट राहतो. टॉर्च चित्राच्याच कागदाच्या कडेवर मारा, कारण मागे चिकटवलेला पुठ्ठा बरेचदा नवा असतो आणि तो चमकला तर तुम्ही उगाच घाबराल.

जरीकामाला वेगळी नजर लागते. छापील देवतेला खरं कापड, बादला (चपटी जर) आणि टिकल्या लावून नटवण्याची पद्धत जुनीच आहे, पण आज भाव येतो म्हणून जुन्या साध्या छपाईला नवं काम चढवणारेही आहेत. टिकल्या प्लॅस्टिकच्या असतील तर सजावट अलीकडची. धातूच्या जुन्या टिकल्या काळवंडलेल्या असतात. कापडाची एखादी कड सुटलेली असेल तर तिथून आत डोकवा. कापडाने वर्षानुवर्षं उजेड अडवला असेल तर खालचा रंग बाहेरच्यापेक्षा ताजा हवा. दोन्ही सारखेच विटलेले असतील तर कापड नंतर लागलंय. अशी सजावट वाईट नव्हे, पण तिचे जुन्या सजावटीइतके पैसे द्यायचं कारण नाही. चारी कडा कापून नाव-क्रमांकाची पट्टी गेली असेल तरीही भाव उतरवून मागावा.

अमेरिकेचं म्हणाल, तर घाई करू नका. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती ही पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ज्या नऊ दिवंगत चित्रकारांच्या कलाकृतींवर वयाचा विचार न करता निर्यातबंदी आहे, त्यांत रविवर्माही आहेत. छपाई नंतरच्या काळातली आहे असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र आधी घ्यावं. ते हातात आल्याशिवाय कुरिअरकडे जाऊ नका. कस्टममध्ये अडकलेली वस्तू सोडवणं हे वेगळंच दुखणं आहे. देशात विकत घ्यायला आणि विकायला मात्र या नऊ जणांच्या चित्रांनाही आडकाठी नाही.

एका मोठ्या चित्रकाराचं 'लिमिटेड एडिशन' सेरिग्राफ मिळतंय. कोपऱ्यात 37/100 लिहिलंय. क्रमांक जितका लहान तितकी किंमत जास्त, हे खरं का? (नाशिक)

खरं नाही. सेरिग्राफमध्ये, म्हणजे जाळीच्या पडद्यातून रंग दाबून केलेल्या छपाईत, क्रमांक बहुधा सही करताना घालतात, छापण्याचा क्रम त्यातून कळत नाही. 37 आणि 3 यांत फरक मानायचा असेल तर तो विकणाऱ्याच्या सोयीचा.

बघायचं ते वेगळंच. सही पेन्सिलने, चित्राखालच्या मोकळ्या कागदावर केलेली हवी. चित्रातच छापून आलेली सही ही सही नव्हे. शंभर प्रतींशिवाय 'ए/पी' म्हणजे चित्रकाराच्या प्रती किती काढल्या, तेही विचारा. साधारण एक दशांश असतात, पण कुठे कुठे त्या फारच वाढतात. रोमन अंकांत वेगळी मालिका निघाली असेल तर तीही त्यात धरा. छापणाऱ्या स्टुडिओचं नाव, वर्ष, कागद आणि पडदे नष्ट केले का, या चार गोष्टी लेखी घ्या. चित्रकार वारल्यानंतर वारसांनी शिक्का मारून काढलेल्या प्रती वेगळ्या. त्यांना हातच्या सहीचा भाव देऊ नये.

भिंगाखाली सेरिग्राफमध्ये रंगाचे सपाट, सलग थर दिसतात आणि त्यांची कड बोटाला किंचित लागते. फवारा दिसला तर ती 'जिक्ले', म्हणजे चांगल्या प्रतीची इंकजेट छपाई. तीही घरात लावायला सुरेख असते, पण किंमत वेगळी. कॅनव्हासवर जिक्ले छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतील तर दिवा बाजूने तिरका धरा. फटकारे एका दिशेने चाललेत आणि खालचं नाक-हात दुसऱ्याच, असं दिसलं की कळतं.

विकत घेतलेल्या चित्रासोबत प्रमाणपत्र आहे. तेवढं पुरेसं ना? (ठाणे)

ते कोणी सही केलं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचा शब्द, फक्त जाड कागदावर. त्यापेक्षा पहिल्या खरेदीचं बिल, जुन्या प्रदर्शनाची पुस्तिका आणि मागच्या चौकटीवरची लेबलं अधिक बोलतात. लेबलांची तारीख ताडून बघा. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये उघडली, तेव्हा तिथल्या 1949 च्या प्रदर्शनाचं लेबल खरं असूच शकत नाही. 1945 साल घातलेलं चित्र ॲक्रिलिक रंगांत असेल तर तेही अशक्य, कारण चित्रकारांच्या हाती हे रंग आले ते पुढच्या दशकापासून. चित्रकार म. वि. धुरंधर 1944 मध्ये वारले. त्यांच्या नावावरच्या जलरंगाचा कागद अतिनील प्रकाशात निळा पेटला तर पुढचं बोलणं संपलं.

चित्रकाराच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी. 2009 मध्ये दिल्लीत स्वतःच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन उघडायला गेलेल्या एस. एच. रझा यांना भिंतींवरची चित्रं आपली नाहीतच असं आढळलं. हयात चित्रकाराच्या बाबतीत हे होतं, तर दिवंगताच्या बाबतीत किती सावध राहायचं ते ठरवा.

'बसरा मोत्यांची' पेशवाई नथ आणि तन्मणी घ्यायचा आहे. दुकानात मोती दातावर घासून दाखवला, खरखर लागली. हॉलमार्क नाही, 'कुंदनकामाला लागत नाही' असं म्हणाले. (कोल्हापूर)

दाताच्या परीक्षेने मोती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नाही एवढंच कळतं. नैसर्गिक आणि कल्चर्ड, दोन्हींचा थर एकाच द्रव्याचा असल्यामुळे दोन्ही खरखरच लागतात. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. ते निवडण्याचं आणि भोक पाडण्याचं मोठं केंद्र मुंबईच होती. घरी करता येण्याजोगी पहिली परीक्षा भोकाची. भोकाच्या तोंडाशी भिंग धरा. आत मणी घालून वाढवलेल्या मोत्यात मणी आणि थर यांच्यामध्ये एक काळसर रेघ दिसते. भोक फार रुंद असेल तरी शंका घ्या, कारण वजन जाऊ नये म्हणून जुने कारागीर नैसर्गिक मोत्याला अगदी बारीक भोक पाडत. रेघ दिसली नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. गोड्या पाण्यातल्या बहुतेक कल्चर्ड मोत्यांत मणीच नसतो. तिथे क्ष-किरण तपासणीला पर्याय नाही. ही सोय मुंबईतल्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळांत आहे. तन्मणीचा सर ओवलेला असताना देऊ नका, सुटे मोती नीट तपासता येतात. सौदा मोठा असेल तर 'प्रयोगशाळेचा अहवाल नैसर्गिक आला तरच' असं बिलावर लिहूनच पैसे द्या. मोत्याची किंमत ठरवायला व्यापारी 'चव' नावाचं माप धरतात, त्याचा हिशेब वजनाच्या वर्गावर (वजन गुणिले वजन) चालतो. मोती दुप्पट जड तर चव चौपट. म्हणून एका मोठ्या खोट्या मोत्याने होणारं नुकसान चार लहानांपेक्षा जास्त.

हॉलमार्कबद्दल ते खोटं बोलले नाहीत. कुंदन, पोलकी आणि जडावाला सक्तीतून सूट आहे, दोन ग्रॅमखालच्या दागिन्यालाही आहे. पण सूट म्हणजे सोनं तपासू नये असं नाही. कुंदनाच्या पोटात लाख भरलेली असते आणि ती सोन्याच्या भावाने तोलली जाण्याचा धोका इथेच. बिलावर एकूण वजन, निव्वळ सोनं, खडे-मोती आणि लाख यांचे चार वेगळे आकडे हवेत. परत घेताना दुकानदार कशाचे पैसे देणार, तेही त्याच बिलावर. ज्या साध्या दागिन्यावर हॉलमार्क आहे त्याचा सहा अक्षर-अंकी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. ते दुकानातच करा.

नंतर तो दागिना अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा गरम पाण्यात कधीही धुऊ नका. लाख सैल होते आणि खड्यामागच्या वर्खात पाणी शिरलं की खडा कायमचा काळा पडतो. मोत्यांवर अत्तर मारू नये, वापरून झाल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावेत.

बिदरीची सुरई पॉलिशने पुसली, काळा रंग गेला. (लातूर)

बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं घातलेला धातू. बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्या द्रावणात घातल्यावर त्याचा पृष्ठभाग काळा होतो आणि त्यात जडवलेली चांदी तशीच पांढरी राहते. पितळेचं पॉलिश हा काळा थर खरवडून काढतं. घरी रंग लावू नका. बिदरच्या कारागिराकडून पुन्हा काळं करून घेता येतं. पुढे फक्त मऊ कापड आणि खोबरेल तेलाचा एखादा थेंब. नवी वस्तू घेताना बुडाला ॲसिटोनचा बोळा फिरवा. काळं कापसावर आलं तर तो रंग आहे, बिदरी नाही. आणि ती पडू देऊ नका, हा धातू वाकत नाही, तुटतो.

जलरंगातल्या चित्रावर दर पावसाळ्यात बुरशी येते. (रत्नागिरी)

काच कागदाला टेकलेली असणार. मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची खिडकी घाला, म्हणजे तीन-चार मिलिमीटर हवा राहील. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवा. पावसाचा मार बसणारी बाहेरची भिंत टाळा. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरतेच, पन्नासच्या आसपास ठेवता आली तर उत्तम.

आलेली बुरशी ओल्या कापडाने पुसली तर ती कागदात घुसते. चित्र बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या सौम्य वाऱ्यात दोन दिवस वाळवा. पांढरी पूड कोरडी झाल्यावर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशने झटका. राहिलेले तपकिरी डाग घरी काढू नयेत. ते काम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणच्या संवर्धन केंद्रातल्या जाणकारांचं. चित्र पुठ्ठ्याला फेव्हिकॉल किंवा सेलोटेपने चिकटवलेलं असेल तर तेही त्यांनाच सोडवू द्या. काचेऐवजी ॲक्रिलिक चालतं, फक्त पेस्टल चित्रावर नको. त्याच्या स्थिर विजेने रंगाची भुकटी ओढली जाते.

आजोबांनी 1970 च्या सुमारास घेतलेलं चित्र गॅलरीमार्फत विकायचं आहे. घरातली वस्तू म्हणून कर लागत नाही ना? आणि त्याआधी त्याचं चित्र बहिणीच्या लग्नपत्रिकेवर छापायचं आहे. (डोंबिवली)

कर लागतो. चित्रं, शिल्पं आणि दागिने यांना घरगुती वापराच्या वस्तूंची सवलत नाही. वारसाने आलेल्या वस्तूला आजोबांचा काळही मोजला जातो, म्हणून हा दीर्घकालीन नफा, त्यावर साडेबारा टक्के. 1 एप्रिल 2001 पूर्वीची वस्तू असल्याने त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यनिर्धारकाचा अहवाल विकण्याआधीच करून घ्या.

गॅलरीशी करार लेखी करा: किती महिन्यांसाठी, किमान किंमत किती, कमिशन किती, विमा कोणाचा, फ्रेम-वाहतूक कोणाकडे, पैसे विक्रीनंतर किती दिवसांत. चित्र त्यांच्याकडे असताना मालकी तुमचीच, हे वाक्य त्यात असू द्या.

पत्रिकेवर छापायचं तर चित्रकाराची परवानगी हवी. चित्र तुमचं असलं तरी छापण्याचा हक्क चित्रकाराकडे, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो.