चांदीचे नॅनोकण पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफर द्रावणात) टाकताच करडे का होतात? जिवाणूंवरची चाचणी मग कशी करावी?

पिवळा रंग करडा झाला म्हणजे कण एकमेकांना चिकटले. सायट्रेटने स्थिर केलेले कण केवळ पृष्ठभागावरच्या ऋण प्रभारामुळे वेगळे राहतात. पीबीएसमधले मीठ तो प्रभार झाकून टाकतं. शिवाय त्यातल्या क्लोराइडमुळे सुट्या चांदीच्या आयनांचं सिल्व्हर क्लोराइड होतं, म्हणजे मात्राही बिघडते. यूव्ही-व्हिजिबलवर (प्रकाशशोषणाच्या मोजणीत) ४०० नॅनोमीटरजवळचं शिखर खाली बसलं आणि ५०० च्या पुढे शेपूट वाढलं, तर ती बॅच चाचणीला घेऊ नका.

कण डीआयोनाइज्ड पाण्यातच ठेवा, माध्यमात ऐनवेळी मिसळा. पीव्हीपी या पॉलिमरचं आवरण दिलेले कण मिठात बरेच टिकतात.

अगारवरच्या चकतीच्या चाचणीवर फार विसंबू नका. कण अगारमधून जेमतेम सरकतात, दिसणारं वर्तुळ बहुधा आयनांचं असतं. त्यापेक्षा ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) दुपटीने पातळ करत एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. सोबत दोन नियंत्रणं हवीतच: सेंट्रिफ्यूज करून कण काढलेलं वरचं द्रव आणि तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट. यांशिवाय ‘नॅनोकणांचा परिणाम’ हा दावा टिकत नाही. गढूळपणा मोजताना कणांचा स्वतःचा रंग वजा करायला प्लेटमध्ये पेशीविरहित विहिरीही (खळगेही) ठेवा. एमटीटी या पेशींचा जिवंतपणा रंगावरून मोजणाऱ्या चाचणीलाही हेच लागू.

नॅनोकणांचा काचेवर पातळ थर दिला असेल, तर मात्र आधी तो पाण्यात किती आयन सोडतो ते मोजा.